बसलेली गाय उठेल का?

विद्यार्थीमित्रांनो, नुकतीच व्यालेली गाय गोठ्यात बसते आणि काही केल्या उठत नाही, हे दृश्य तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. घरातल्यांपुढे तेव्हा दोन प्रश्न उभे राहतात. ती का उठत नाही? आणि ती पुन्हा उठेल का? ज्या घराचा खर्च त्या एका गाईच्या दुधावर चालतो, तिथे दुसरा प्रश्न फार मोठा असतो. त्याच्या उत्तरात तुमच्या भौतिकीच्या पुस्तकातील एक सूत्र दडलेले आहे.

पहिला संशय येतो तो कॅल्शियमचा. 10 लिटर चिकातून सुमारे 20 ग्रॅम कॅल्शियम बाहेर जाते. गाईच्या रक्तद्रवात मात्र एका वेळी सुमारे 3 ग्रॅमच कॅल्शियम असते. हाडांत भरपूर साठा असला तरी तो रक्तात येण्यास एक-दोन दिवस लागतात. दरम्यान स्नायूंना नीट आकुंचन पावता येत नाही आणि गाय खाली बसते. हा दुग्धज्वर. नाव फसवे आहे, कारण यात ताप नसतो. उलट कान गार पडतात आणि मान कुशीकडे वळते. पशुवैद्य शिरेतून सावकाश कॅल्शियम देतात व हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवतात. घाईने दिल्यास हृदय बंद पडू शकते. पुष्कळ गाई काही तासांत उठतात.

परंतु कारण दुसरेही असू शकते : कासेचा तीव्र दाह, विताना दबलेला मज्जातंतू, मोडलेले हाड किंवा निखळलेला खुबा. म्हणून पशुवैद्य ताप, कास आणि पाय हे सारे तपासतात.

आता एक कोडे पाहा. कधी कधी कॅल्शियमची उणीव भरून निघते, तरीही गाय उठत नाही. असे का? दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे सूत्र आठवा. समजा, गाईच्या भारापैकी 100 किलोग्रॅम भार अंगाखालच्या मांडीच्या 500 चौ. सेंमी. भागावर आला. दर चौ. सेंमी.वर 200 ग्रॅम भार पडेल. स्नायूंतील केशवाहिन्यांमधील रक्ताचा दाब सुमारे 30 मिलिमीटर पारा, म्हणजे दर चौ. सेंमी.ला सुमारे 40 ग्रॅम असतो. बाहेरचा दाब पाचपट! केशवाहिन्या मिटतात, स्नायूला प्राणवायू मिळत नाही आणि तो मरू लागतो. गाय आजारामुळे बसते आणि बसल्यामुळे दुसऱ्यांदा आजारी पडते.

अमेरिकेत कॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रयोगाने दाखवले. 1982 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात निरोगी गाईंना भूल देऊन, एक मागचा पाय अंगाखाली ठेवून 6 ते 12 तास बसवले होते. भूल उतरल्यावर त्यांतील निम्म्या गाईंना उभे राहता आले नाही.

मग भाकीत कसे करावे? स्नायू इजा पावला की त्यातील क्रिएटिन कायनेज हे विकर रक्तात उतरते. इजा थांबली की त्याचे प्रमाण लवकर घटते. एएसटी हे दुसरे विकर अधिक दिवस टिकते. म्हणून एकाच तपासणीपेक्षा दोन-तीन दिवसांतील चढउतार अधिक सांगून जातो. गोठ्यातील निरीक्षणही तितकेच मोलाचे आहे. छातीवर सरळ बसणारी, वैरण खाणारी, उठण्याची धडपड करणारी गाय आशा देते. आडवी पडून राहणारी, खाणेपिणे सोडलेली गाय चिंता वाढवते.

तथापि भाकीत बदलता येते! जाड वाळूवर किंवा पेंढ्यावर गाय ठेवली, तर टेकणारे क्षेत्रफळ वाढते. वरच्या उदाहरणात ते तिप्पट झाले तरी दाब सुमारे 67 ग्रॅम, म्हणजे 40 पेक्षा अधिकच राहतो. म्हणून केवळ मऊ अंथरूण पुरत नाही. दर काही तासांनी गाईची कूसही बदलावी लागते. पाणी व चारा तोंडाशी हवा. ऑस्ट्रेलियातील 218 बसलेल्या गाईंच्या, 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चांगली शुश्रूषा मिळालेल्या गाई कितीतरी अधिक प्रमाणात बऱ्या झाल्या.

तेव्हा गाय बसली की पशुवैद्यांना तत्काळ बोलवा. आणि ते येईपर्यंत तिला फरशीवरून मऊ जागी, ओढताण न करता, कसे हलवता येईल ते पाहा. येथे प्रत्येक तास मोलाचा आहे.