रोपं मोजून झाली, आता अळ्या मोजूया

महाराष्ट्रात २०१६ साली दोन कोटी रोपं लावण्याची मोहीम झाली आणि पुढच्या तीन वर्षांत संकल्पाचा आकडा चार कोटी, तेरा कोटी, ३३ कोटी असा चढत गेला. या मोहिमांवरची बहुतेक चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरली: लावलेल्यांपैकी जगली किती? प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. जगलेलं रोप आणखी कोणाला जगवतं, हा त्यापुढचा प्रश्न, आणि तो विचारल्याशिवाय हिरवाईचा कोणताही हिशेब पूर्ण होत नाही. त्याचं उत्तर रोपवाटिकेच्या नोंदवहीत किंवा उपग्रहाच्या चित्रात मिळत नाही. ते पानाच्या खालच्या बाजूला असतं आणि ते शोधायला क्षेत्रीय परिसंस्था-अभ्यासक लागतो. लागवडीचं मोल तिथे वाढणाऱ्या किड्यांवरून, विशेषतः पक्ष्यांच्या विणीच्या काळात मिळणाऱ्या अळ्यांवरून ठरवायला हवं, असं माझं म्हणणं आहे.

हे काम कसं चालतं ते आधी पाहू. फांदीखाली पांढरं कापड किंवा उघडी छत्री उलटी धरायची, फांदीवर काठीने ठरावीक फटके मारायचे आणि खाली पडलेले किडे, कोळी, अळ्या मोजायच्या. दर काही दिवसांनी तेच झाड, तीच वेळ, तीच पद्धत. जोडीला पक्ष्यांच्या घरट्यांवर लक्ष ठेवायचं: अंडी किती, पिल्लं किती, उडून गेली किती. अशा चिकाटीच्या कामाचं एक मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. डेलावेअर विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ डग्लस टॅलमी अनेक वर्षं स्थानिक वनस्पती, सुरवंट आणि पक्षी यांच्या साखळीवर काम करत आहेत. त्यांच्या सहकारी डेझिरे नारांगो यांनी वॉशिंग्टन शहराच्या परिसरातल्या घरांभोवतीच्या बागांमध्ये कॅरोलिना चिकडी या चिमुकल्या पक्ष्याचा अभ्यास केला. चिकडीची पिल्लं जवळजवळ पूर्णपणे सुरवंटांवर वाढतात. एका विणीची पिल्लं घरटं सोडेपर्यंत सहा ते नऊ हजार सुरवंट लागतात, असा जुना अंदाज आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, बागेतल्या झाडझाडोऱ्यात स्थानिक वनस्पतींचा वाटा ७० टक्क्यांच्या खाली गेला की चिकडींची संख्या टिकून राहण्याइतकी पिल्लं तयार होत नाहीत. बागा हिरव्या होत्या आणि पक्षी तिथे दिसतही होते, पण पुढची पिढी पुरेशी निपजत नव्हती. नुसत्या नजरेने हे कधीच कळलं नसतं.

असं का होतं, याचं उत्तर वनस्पतींच्या रसायनांत आहे. पानं खाल्ली जाऊ नयेत म्हणून प्रत्येक वनस्पतिकुळ आपापली विषं, चीक, टॅनिन बाळगून असतं. ती पचवण्याची किंवा चुकवण्याची युक्ती त्या त्या किड्याने हजारो पिढ्यांच्या सहवासात कमावलेली असते. पॉल एर्लिक आणि पीटर रेव्हन यांनी १९६४ साली फुलपाखरं आणि त्यांच्या खाद्यवनस्पतींच्या आधारे ही सहउत्क्रांती मांडली. आपल्याकडे ती बघायला रुईचं झुडूप पुरेसं आहे. बिबळ्या कडवा या फुलपाखराची मादी रुईच्या पानावर एकेक अंडं घालते. काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांचा सुरवंट थोडा मोठा झाला की पानाच्या शिरा आधी कुरतडतो, चीक तिथेच वाहून जाऊ देतो आणि मग पलीकडचा भाग निवांत खातो. हा सुरवंट पक्ष्यांना फारसा रुचत नाही हे खरं, पण पान आणि अळी यांचं नातं किती बारीक असतं ते त्याच्याइतकं स्पष्ट क्वचितच दिसतं. बहाव्यावर कॉमन एमिग्रंट, ईश्वरीच्या वेलावर क्रिमझन रोज, बांडगुळावर कॉमन जेझबेल, अशी यादी लांबवता येईल. २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेल्या ब्ल्यू मॉर्मॉनचे सुरवंटही लिंबाच्या कुळातली झाडंच खातात. ही झाडं काढून तिथे परदेशी शोभेची झाडं लावली तर ही सारी मंडळी त्या जागेपुरती संपतात.

यावर पहिला आक्षेप डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीवरून येतो. घाणेरी मूळची अमेरिका खंडातली, तरी तिच्या फुलांवर फुलपाखरांची झुंबड असते. मग परकी झाडं निरुपयोगी कशी? यात मध पिणं आणि पिल्लावळ वाढवणं या दोन गोष्टींची गल्लत आहे. फुलातला मध बहुतेकांना चालतो. पानं मात्र ओळखीचीच लागतात. घाणेरीवर भिरभिरणाऱ्या फुलपाखरांपैकी जवळजवळ कोणाचेही सुरवंट तिच्या पानांवर जगत नाहीत. अपवाद आहेत. कॉमन क्रो हे फुलपाखरू बागेतल्या कण्हेरीवर खुशाल अंडी घालतं. म्हणून ‘परकं म्हणजे वाईट’ असा सरसकट शिक्का मारायचं कारण नाही. कोणतं झाड किती जीव पोसतं, हे मोजूनच ठरवावं. दुसरा आक्षेप असा की आपल्याकडचे कितीतरी पक्षी दाणे, मध नाहीतर फळं खाणारे आहेत, त्यांना अळ्यांची काय गरज? चिमणी आणि सुगरण दाणे टिपतात खऱ्या, पण कोवळ्या पिल्लांना किडेच भरवतात. फुलांवर दिसणारा शिंजीर घरट्याकडे जाताना चोचीत कोळी आणि अळ्या नेतो. उंबराची फळं खाणारे तांबट आणि धनेशसुद्धा एका किड्याचे ऋणी आहेत, कारण उंबराचं परागीभवन करते ती जेमतेम काही मिलिमीटरची गांधीलमाशीची जात, आणि ती नसेल तर फळ नाही. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: अमेरिकेचे आकडे इथे लावता येतील का? येणार नाहीत. ७० टक्क्यांची रेषा त्या पक्ष्याची आणि त्या भूभागाची आहे. यंत्रणा मात्र सगळीकडे तीच आहे, आणि आपली रेषा कुठे आहे हे आपल्याच माळांवर, आपल्याच पावसाळ्यात मोजावं लागेल.

माळांचा मुद्दा इथे सर्वांत तीव्र होतो. सोलापूर-अहिल्यानगरच्या पट्ट्यात १९७९ साली माळढोक अभयारण्य झालं, आणि आज महाराष्ट्रात माळढोकाचं दर्शनही दुर्मीळ आहे. त्यामागे शेती, रस्ते, विजेच्या तारा, कालवे अशी अनेक कारणं आहेत; पण माळाला ‘पडीक’ म्हणून सलग समतल चर खणून झाडं लावण्याची सवय त्यांत बेरीजच करते. चंडोल, डोंबारी, धाविक हे पक्षी उघड्या जमिनीवर घरटी करतात आणि कुसळी, मारवेल अशा गवतांमधले नाकतोडे, भुंगेरे, अळ्या यांवर जगतात. तिथे झाडांची सावली दाटली की गवत जातं, गवताबरोबर किडे जातात, आणि उंच फांदी मिळाल्यामुळे घरट्यांवर डोळा ठेवणारे कावळे येतात. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३ च्या अहवालात ९४२ प्रजातींचा आढावा आहे. त्यांपैकी ३३८ प्रजातींचा दीर्घकालीन कल काढता आला आणि त्यातल्या ६० टक्के घटलेल्या आढळल्या. कीटकभक्षी पक्ष्यांची घट फळं आणि मध खाणाऱ्यांपेक्षा अधिक आहे, आणि गवताळ, मोकळ्या प्रदेशांतल्या खास पक्ष्यांची अवस्था विशेष वाईट आहे. माळ म्हणजे तोडलेलं जंगल, ही समजूतही आता टिकत नाही. परिसंस्था-अभ्यासक आशिष नेर्लेकर आणि सहकाऱ्यांनी जुन्या मराठी चरित्रांमधले, ओव्या-आख्यायिकांमधले झाडागवतांचे उल्लेख तपासले, तेव्हा पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्यात शेकडो वर्षांपूर्वीही मोकळी गवताळ रानंच होती असं दिसलं. महानुभावांच्या ग्रंथांना परिसंस्थेच्या अभ्यासात साक्षीला बोलावता येतं, ही मराठी वाचकाला सुखावणारी गोष्ट आहे.

व्यवहाराचा आक्षेप उरतो. गिरिपुष्प, सुबाभूळ कोरड्या टेकडीवरही तगतात, झपाट्याने वाढतात, जनावरं आणि वणवे सोसतात; देशी रोपं मरतात. गिरिपुष्पाचा पाला उत्तम हिरवळीचं खत आहे, शेताच्या बांधावर ते जरूर असावं. पण टेकडीवर केवळ तगणं हेच यश मानलं तर आपण मुळात झाड का लावतो याचा विसर पडतो. तिथे हिवर, खैर, बोर, तरवड, करवंद अशी कोरड्यात टिकणारी देशी झाडंझुडपं आहेत. ती सावकाश वाढतात आणि दोन-तीन वर्षं राखण मागतात, एवढंच. शेतकऱ्याची धास्ती वेगळी: अळ्या वाढवायच्या म्हणजे कीड वाढवायची का? पिकावरच्या नेमक्या किडी थोड्या असतात आणि रानातल्या बहुतेक अळ्यांचा पिकाशी संबंध नसतो. उलट बांधावरच्या झुडपांत घरटी करणारे पक्षी शेतातल्या अळ्याही नेतात. सागाच्या रानात पावसाच्या सुरुवातीला पानांची जाळी होते, ती बघून हळहळणाऱ्यांनी त्याच आठवड्यात तिथे किती पक्षी चारा नेताहेत तेही पाहावं. साग पुन्हा पालवतो.

येत्या जूनमध्ये ज्या ग्रामपंचायती, शाळा, गृहनिर्माण संस्था रोपं मागवतील, त्यांनी मागणीपत्र भरण्याआधी गावाच्या हद्दीत आज काय उगवतं याची यादी एखाद्या वनस्पती-अभ्यासकाकडून करून घ्यावी. माळ असेल तर खड्डे खणू नयेत, चराई आवरून गवत राखावं. आणि लागवडीच्या अहवालात जगलेल्या रोपांच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने असावेत: पानांवर सापडलेल्या अळ्या आणि वीण यशस्वी झालेली घरटी. हे रकाने भरायला जवळच्या महाविद्यालयातले प्राणिशास्त्राचे विद्यार्थी, एक पांढरं कापड आणि एक काठी पुरते.