जुन्या जावाचा क्लच

परभणी, सेलू, जिंतूर या बाजूच्या कित्येक घरांच्या पडवींत वडिलांची किंवा आजोबांची जावा पोत्याखालीं झांकलेली आढळते. "क्लच गेला" एवढ्या दोन शब्दांवर तिचा निकाल लागलेला असतो आणि भंगारवाल्याची हांक तेवढी यावयाची राहिलेली असते. आमच्या मतें हा निकाल बहुधा अन्यायाचा असतो. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीनें १९६१ च्या सुमारास या गाड्या काढण्यास आरंभ केला, १९७३ पासून त्यांस येझदी हें नांव मिळालें, आणि १९९६ सालीं कारखाना बंद पडला. २०१८ सालीं जावा याच नांवानें निघालेली गाडी अगदीं निराळ्या बनावटीची आहे. म्हणजे जुनी एकदां वजनावर विकली कीं ती गेलीच.

क्लच हा एंजिन आणि गिअर यांमधील दुवा होय. तेलांत बुडालेल्या, एकाआड एक रचलेल्या बुचाच्या व पोलादी प्लेटा स्प्रिंगांच्या दाबानें एकमेकींस घट्ट धरून फिरतात. हातांतील लिव्हर दाबली कीं तो दाब निघतो. जावाची खुबी अशी कीं, जो दांडा किकचा तोच गिअरचा, आणि गिअर बदलण्यास तो पायानें दाबतांच क्लच आपोआपहि सुटतो. त्यामुळें जुळणी लिव्हरपाशीं व आंत अशी दोन ठिकाणीं पाहावी लागते. बुलेटवर हात बसलेले मिस्त्री पुष्कळदां येथेंच फसतात.

एंजिन ओरडतें पण गाडी ओढीत नाहीं, तेव्हां क्लच घसरतो आहे असें समजावें. उलट गिअर टाकतांना खडखड झाली, किंवा लिव्हर दाबूनहि गाडी पुढें सरकूं लागली, तर तो सुटत नाहीं. हें दुसरें दुखणें अधिक भयंकर. आठवडी बाजाराच्या गर्दींत अशी गाडी कोणाच्या अंगावर जाईल याचा नेम नाहीं. मात्र वर्षानुवर्षें उभ्या राहिलेल्या गाडींत जुन्या तेलामुळें प्लेटा नुसत्या चिकटलेल्या असण्याचा संभव फार. एंजिन बंद ठेवून, गाडी गिअरमध्यें घालून, लिव्हर आवळून ती मागेंपुढें हलवावी. बहुधा तेवढ्यानें काम भागतें.

घसरणाऱ्या क्लचचें मूळ आधीं बाहेर शोधावें. लिव्हरला दोन-तीन मिलिमीटर मोकळी चाल नसेल तर स्प्रिंगांचा पुरा दाब प्लेटांवर पडत नाहीं. प्रथम आंतील स्क्रू, मग वायर, या क्रमानें ती चाल मिळवावी. मोटारगाडीचें नव्या जातीचें निसरडें तेल घातलेलें असल्यास चांगल्या प्लेटाहि घसरतात. इतकें करूनहि गुण न आला तरच झांकण उघडावें. आमच्याकडे पावसाळ्यांत काळ्या चिकण वाटेवर, मागें खताचें पोतें बांधून, अर्धा क्लच दाबून गाडी रेटण्याची खोड आहे. तींत बूच जळून काळें पडतें. अशा प्लेटा बदलाव्या, नव्या रात्रभर तेलांत भिजवून बसवाव्या, आणि स्प्रिंगा बदलावयाच्या तर सर्व एकदम. ड्रमच्या खांचांत प्लेटांच्या दातांनीं घरें पाडलीं असतील तर क्लच अडकत सुटतो. उथळ घरें कानशीनें सपाट करतां येतात. खोल असल्यास ड्रमच बदलावा लागतो.

घरांतील कॉलेजांत जाणाऱ्या मुलास हें काम एका रविवारांत साधण्याजोगें आहे. निघालेला प्रत्येक भाग जुन्या वर्तमानपत्रावर त्याच क्रमानें मांडून ठेवावा, आणि तोंवर लहान मुलांस पडवींत फिरकूं देऊं नये.