रत्नागिरीची वाहतूक कोंडी आणि सिटी बस: सहा गैरसमज

रत्नागिरीत वाहतुकीचा विषय निघाला की गाडी ठरलेल्या स्टॉपांवरून जाते: रस्ते अरुंद, रिक्षा फार, पार्किंग नाही. सिटी बसचं नाव सहसा शेवटी येतं, तेही ‘ती काय उपयोगाची!’ म्हणून. वास्तविक कोंडीचं उत्तर शोधायला सुरुवात तिथूनच करायला हवी. वाटेत काही पक्के समज आडवे येतात, ते आधी तपासू.

गैरसमज १: एवढ्याशा शहराला बससेवा कशाला?

वस्तुस्थिती: २०११ च्या जनगणनेत नगरपरिषद हद्दीची लोकसंख्या सुमारे ७६ हजार होती. पण रोजचं शहर या हद्दीत मावत नाही. बाजार राम आळी-गोखले नाक्याकडे, वस्ती मारुती मंदिर, नाचणे, साळवी स्टॉप, कुवारबावपर्यंत पसरलेली, कारखाने मिरजोळे एमआयडीसीत आणि रेल्वे स्टेशन शहराबाहेर. कॉलेजला, कोर्टात, सिव्हिल हॉस्पिटलला येणारी माणसं आजूबाजूच्या गावांतली. केंद्र सरकारच्या शहरी वाहतुकीच्या मानकांनुसार दर हजार लोकांमागे ०.६ बस असेल तर सेवा उत्तम समजली जाते. नुसती जुनी लोकसंख्या धरली तरी बसचा आकडा पंचेचाळीसच्या आसपास जातो. शहर लहान असलं तरी लांबट आहे, आणि बहुतेकांची वाट त्याच एक-दोन रस्त्यांवरून जाते. अशा शहराला बस जास्त सोयीची, कारण मार्ग थोडे लागतात आणि प्रत्येक मार्गाला प्रवासी मिळतात.

गैरसमज २: रस्ता रुंद केला की कोंडी सुटेल.

वस्तुस्थिती: काही काळ सुटते. मग मोकळा रस्ता बघून आणखी गाड्या बाहेर पडतात. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात केटी फ्रीवे २००८ पर्यंत रुंद करण्यात आला. काही ठिकाणी बाजूचे रस्ते धरून तो २६ पदरी झाला. काही वर्षांतच गर्दीच्या वेळी तिथे लागणारा प्रवासाचा वेळ पुन्हा वाढला. आपल्याकडे तर एका बाजूला समुद्र, दुसरीकडे चढउतार आणि दोन्ही कडांना दुकानं. साळवी स्टॉप-कुवारबाववरून हातखंब्याकडे जाणारा महामार्ग चौपदरी झाला, तरी त्यावरून आलेल्या गाड्या शेवटी बाजारातल्या त्याच गल्ल्यांत शिरणार. नाका तुंबला की मागचा रुंद रस्ता म्हणजे नुसती जास्त गाड्या उभ्या करायची जागा.

गैरसमज ३: बसच कोंडी करते, एवढं धूड या रस्त्यांवर नको.

वस्तुस्थिती: बसमधली चाळीस माणसं खाली उतरवून दुचाकींवर बसवा. एका गाडीवर दोघं धरले तरी वीस दुचाकी रस्त्यावर येतात; मोटारींतून नेली तर त्याहून कितीतरी जास्त जागा अडते. शिवाय बस माणसं उतरवून निघून जाते, दुचाकी मात्र दिवसभर दुकानासमोर उभी राहते.

मग बसमागे गाड्या का तुंबतात? गर्दीच्या वेळी एखाद्या थांब्यावर उभं राहून बघा. कडेची जागा दुचाकींनी आणि रिक्षांनी भरलेली असते, म्हणून ड्रायव्हरला बस रस्त्यातच थांबवावी लागते. उतरणारे आणि चढणारे एकाच दारात. बाजारच्या पिशव्या, दप्तरं, एखाद्या आजींचा हात धरून चढवणं. तेवढ्यात मागून हॉर्न सुरू. थांब्याची जागा बसच्या लांबीएवढी खरोखर मोकळी ठेवली, तर यातला बराच वेळ वाचेल. जुन्या गल्ल्यांसाठी लहान, मिडी बस वापरता येते.

गैरसमज ४: बस रिकाम्या धावतात, म्हणजे लोकांना त्या नकोच आहेत.

वस्तुस्थिती: लोकांना बस नको असते असं नाही, वाट बघणं नको असतं. गाडी कधी येईल याचा भरवसा नसेल तर माणूस रिक्षा करतो, आणि पुढच्या दिवाळीला हप्त्यावर स्कूटर घेतो.

इथे कोंडी आणि बस यांचं दुष्टचक्र आहे. समजा एका मार्गावर जाऊन-येऊन ७० मिनिटं लागतात. दर दहा मिनिटांनी बस हवी तर ७ गाड्या पुरतात. कोंडीमुळे त्याच फेरीला १०० मिनिटं लागू लागली, तर तीच सेवा द्यायला १० गाड्या लागतील. गाड्या सातच राहिल्या तर दोन बसमधलं अंतर चौदा मिनिटांवर जातं, प्रवासी गळतात, रस्त्यावर आणखी दुचाकी येतात आणि फेरी आणखी लांबते. म्हणून नाक्यांवर बसला आधी वाट देणं आणि थांबे मोकळे ठेवणं हे नवीन बस घेण्याइतकंच मोलाचं आहे, आणि त्याला खर्चही कमी.

गैरसमज ५: तिकीट फुकट करा, लोक आपोआप येतील.

वस्तुस्थिती: एस्टोनियाच्या टॅलिन शहराने २०१३ पासून रहिवाशांना बस-ट्राम मोफत केली. प्रवासी वाढले, पण त्यांतले बरेचसे आधी पायी जाणारे होते. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट झालं आणि महिला प्रवासी वाढल्या, हे खरं. पण सवलतीचा फायदा गाडी येते तिथेच होतो. स्कूटरवाल्याला स्कूटर घरी ठेवायला लावायची असेल, तर दहा रुपये वाचवण्यापेक्षा त्याची वीस मिनिटं वाचवावी लागतील.

गैरसमज ६: सिटी बस तोट्यात चालते; ती एसटीची किंवा दिल्लीची डोकेदुखी.

वस्तुस्थिती: रत्नागिरीत सिटी बस एसटी महामंडळ चालवतं. १९४८ पासून गावोगाव पोचणं हे महामंडळाचं मूळ काम. शहरांतर्गत सेवेचा भार त्याला जड जातो. नाशिकमध्ये म्हणूनच महापालिकेने जुलै २०२१ मध्ये ‘सिटीलिंक’ सुरू केली. तिथे बस चालवणाऱ्या ठेकेदाराला पैसे किलोमीटरप्रमाणे मिळतात, त्यामुळे प्रवासी पळवण्याची शर्यत लागत नाही. केंद्राची २०२३ ची पीएम ई-बस सेवा योजना मुख्यतः तीन लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहरांसाठी आहे, त्यामुळे तिच्याकडे डोळे लावून बसण्यात अर्थ नाही. इथला तोडगा नगरपरिषद, एसटी, आरटीओ आणि वाहतूक पोलिसांनी एकत्र बसून काढायला हवा. रिक्षा त्यात शत्रू ठरत नाहीत. बस मुख्य रस्त्यावर, शेअर रिक्षा वाड्यांपासून थांब्यापर्यंत, अशी वाटणी दोघांनाही परवडते. राहिला तोटा. रस्त्याच्या डांबरावर किती नफा झाला, असं कोणी विचारत नाही. बसवरचा खर्चही त्याच खात्यातला.

नगरपरिषदेच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्यांना तेव्हा ‘किती नव्या बस आणणार?’ असं विचारू नका. ‘रेल्वे स्टेशनच्या मार्गावर बस दर किती मिनिटांनी येईल, आणि हे थांब्यावरच्या फलकावर लिहून देणार का?’ असं विचारा. ज्याला हा आकडा सांगता येत नाही, त्याने कोंडीचा विचार केलेला नाही.