बाबांच्या वर्कशॉपमधली रॉक गिटार

‘क्वीन’ म्हटलं की आपल्याला आधी आठवतो फ्रेडी मर्क्युरी. साहजिकच आहे बॉस! पाचगणीच्या शाळेत पियानो शिकलेला, तिथेच ‘हेक्टिक्स’ नावाचा बँड काढणारा फारूख बलसारा तो. त्याचं कौतुक आपल्याला जरा जास्तच. पण त्याच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या, कुरळ्या केसांच्या उंच ब्रायन मेची गिटार कुठल्याच दुकानातून आलेली नाही. ती त्याने आणि त्याच्या बाबांनी मिळून घरी बनवली.

साल 1963. ब्रायन सोळा वर्षांचा, लंडनजवळ राहणारा. फेंडर घेण्याएवढे पैसे घरात नव्हते. बाबा हॅरॉल्ड मे इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार आणि हात भलताच कसबी. मग काय, जुन्या फायरप्लेसच्या चौकटीच्या महोगनीतून गिटारची नेक निघाली. बॉडीसाठी जुन्या टेबलाचं ओक. ट्रेमोलोला जुन्या मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंग, त्याच्या दांड्याच्या टोकाला आईची विणायची सुई आणि नेकवरचे ठिपके म्हणजे शिंपल्याची बटणं! हे सगळं व्हायला सुमारे दोन वर्षं लागली.

आता पिकअपकडे येऊ, कारण इलेक्ट्रिक गिटारचा खरा जीव तिथे असतो. चुंबक आणि त्याभोवती बारीक तारेची गुंडाळी, एवढाच फंडा. वर स्टीलची तार थरथरली की गुंडाळीत वीज तयार होते आणि अ‍ॅम्प्लिफायर ती मोठी करतो. ब्रायनने आधी पिकअपही स्वतःच बनवले. आवाज झकास, पण तार बाजूला ओढून स्वर चढवायला गेलं की मध्येच विचित्र घसघस यायची. चुंबकांच्या ध्रुवांची मांडणी त्याला नडत होती. शेवटी त्याने बर्न्स कंपनीचे तीन ‘ट्राय-सॉनिक’ पिकअप विकत आणले. तेही जसेच्या तसे नाही बसवले, आत अ‍ॅराल्डाइट ओतलं! हो, आपल्या घरच्या ड्रॉवरमध्ये असतं तेच. गुंडाळी हलायची थांबली आणि मोठ्या आवाजातली किंचाळी कमी झाली.

मला सगळ्यात भन्नाट वाटतात ती बटणं. नेहमीच्या गिटारवर तीन पिकअपना मिळून एक स्विच असतो. इथे प्रत्येक पिकअपला दोन : एक चालू-बंद करायला, दुसरं त्याचा फेज उलटा करायला. दोन पिकअप उलट फेजमध्ये लावले की ते एकमेकांचा बराचसा आवाज खाऊन टाकतात आणि उरतो तो बारीक, टोकदार, जरा नाकातला सूर. त्यात पिकअप सिरीजमध्ये जोडलेले, त्यामुळे दोन सरळ फेजमध्ये लावले की आवाज एकदम भरदार. वाजवायला प्लेक्ट्रम नाही, तर सहा पेन्सचं जुनं नाणं.

गंमत बघा, ही गिटार बनवणाऱ्या बाबांनाच मुलाने ती पोटापाण्यासाठी वाजवावी हे पटत नव्हतं. ब्रायनने इम्पीरियल कॉलेजमधली खगोलभौतिकीची पीएचडी अर्धवट सोडली, तेव्हा बाबा जाम दुखावले. बराच काळ घरात अबोला होता. (इंजिनीअरिंग सोडून भलतंच काही करायला निघालेल्यांना ही कहाणी सांगायला नको.) पुढे ब्रायनने आईबाबांना कॉन्कॉर्डने न्यूयॉर्कला नेलं, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला क्वीनचा शो दाखवायला. तिथे बाबांना पटलं. आणि ती पीएचडी? तीही त्याने 2007 मध्ये, साठाव्या वर्षी पूर्ण केली.

‘रेड स्पेशल’ 1985 च्या लाइव्ह एडमध्ये वेम्बलीवर वाजली, 2002 मध्ये थेट बकिंगहॅम पॅलेसच्या गच्चीवर. तिच्या प्रतिकृती आता दुकानात मिळतात. एखादी हाती लागलीच, तर ब्रिजजवळचा आणि मधला पिकअप चालू करा, दोन्ही सरळ फेजमध्ये. ब्रायनची नेहमीची जोडी हीच. मग एकाचा फेज उलटा करून बघा, शेजारच्या खोलीतून कुणीतरी ‘गिटार बदललीस का?’ म्हणून विचारेल.