अहिराणीला स्वतःचे व्याकरण आहे

धुळे जिल्हा, नंदुरबारचा सपाटीचा भाग, जळगाव जिल्ह्यातला अमळनेर-पारोळा-चाळीसगावचा पट्टा आणि नाशिक जिल्ह्यातले बागलाण, मालेगाव, देवळा, कळवण हे तालुके, एवढ्या मुलखात घरात, वावरात आणि बाजारात अहिराणी बोलली जाते. पोटापाण्यासाठी सुरतेच्या उधना-लिंबायत भागात किंवा नाशिकच्या कारखान्यांत गेलेल्या खानदेशी माणसांनी ती तिकडेही नेली आहे. इतक्या मोठ्या प्रदेशाची ही बोली, पण तिच्याबद्दल दोन समज घट्ट बसलेले आहेत. उरलेल्या महाराष्ट्राला ती खेड्यातली बिघडलेली मराठी वाटते. शिकलेल्या खानदेशी माणसालाही पुष्कळदा ती गुजराती, हिंदी आणि मराठीची खिचडी वाटते, आणि चारचौघांत तो ती बोलायची टाळतो. दोन्ही समज चुकीचे आहेत. हे म्हणायला अस्मितेचा आधार घ्यावा लागत नाही, अहिराणीचे व्याकरण पाहिले तरी पुरते.

'लोकस्ना घरमा पानी नही' हे अगदी रोजचे वाक्य घेऊ. प्रमाण मराठीत आपण 'लोकांच्या घरात पाणी नाही' म्हणू. मराठीत प्रत्यय लागण्याआधी नामाचे सामान्यरूप होते. घर-घरात, देव-देवाचा, गाव-गावाला. अहिराणीत घर हे घरच राहते आणि त्याला सरळ प्रत्यय लागतो: घरमा, देवना, गावले. षष्ठीला चा-ची-चे यांच्या जागी ना-नी-नं, सप्तमीला 'मा', चतुर्थीला 'ले'. यातले ना-नी-नं आणि 'मा' ऐकले की गुजराती कानाला ओळख पटते. 'ले' मात्र वऱ्हाडी माणसाला आपला वाटतो. आता त्याच वाक्यातला 'लोकस्ना' पाहा. अनेकवचनी नामाला प्रत्यय लागताना मध्ये एक 'स्' येतो: लोकस्ले, पोरस्ना. सभेत बोलायला उभा राहिलेला अहिराणी वक्ता 'भाऊस्वन' अशी हाक घालतो, तिथेही हा 'स' आहेच. तो प्रमाण मराठीत नाही आणि प्रमाण गुजरातीतही नाही. नुसती उसनवारी करून जगणाऱ्या बोलीत, दोन्ही शेजाऱ्यांकडे नसलेला आणि तरीही इतका नियमाने येणारा प्रत्यय सापडण्याचे कारण नव्हते.

क्रियापदात तर फरक आणखी खोल आहे. मराठीची सर्वांत ठळक खूण म्हणजे भूतकाळातला 'ल'. श्रवणबेळगोळच्या शिलालेखातल्या 'करवियले'पासून आजच्या 'आला', 'गेला', 'केला'पर्यंत तो सलग चालत आला आहे. अहिराणीच्या साध्या भूतकाळात हा 'ल' दिसत नाही. 'तो आला' हे 'तो उना' होते आणि 'तो गेला' हे 'तो गया'. 'बसला'चे 'बसना' होते, 'रामाने आंबा खाल्ला'चे 'रामनी आंबा खादा'. 'करेल', 'गयेल' अशा विशेषणासारख्या रूपांत 'ल' आहे, पण त्यांचा अर्थ 'केलेला', 'गेलेला' असा होतो. म्हणजे हा 'ल' निष्काळजीपणाने गळालेला नाही. त्याची जागा ठरलेली आहे आणि ती मराठीतल्या जागेहून वेगळी आहे. वर्तमानकाळात 'तो जातो'ऐवजी 'तो जास' येते, 'आहे'ऐवजी 'शे' येते, आणि चालू क्रियेसाठी 'जाई ऱ्हायना' अशी जोडरचना वापरली जाते. या रूपांना मराठीचा अपभ्रंश म्हणायचे तर मराठीतल्या कोणत्या रूपापासून ती बिघडली हे दाखवता आले पाहिजे. 'आला'चा कितीही चुकीचा उच्चार केला तरी त्यातून 'उना' निघणार नाही.

हे व्याकरण असे का घडले याचे बरेचसे उत्तर नदीच्या वाहण्यात आहे. महाराष्ट्राच्या घाटमाथ्यावरच्या मोठ्या नद्या पूर्वेकडे जातात, तापी मात्र पश्चिमेला सुरतेकडे जाऊन समुद्राला मिळते. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा आणि अजिंठ्याचे डोंगर, अशा दोन भिंतींमधल्या या खोऱ्याची वाट पूर्व-पश्चिम आहे. सुरत ते बुऱ्हाणपूर हा व्यापाराचा रस्ता इथूनच जात असे. सत्ताही बराच काळ वेगळी होती. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेईपर्यंत खानदेशावर फारुकी सुलतान राज्य करत होते, आणि त्यांची राजधानी आधी थाळनेरला आणि मग बुऱ्हाणपूरला होती. ज्या मुलखाचा बाजार सुरतेकडे आणि दरबार बुऱ्हाणपूरला, त्याच्या बोलीने पुण्याकडे डोळे लावून बसण्याचे कारण नव्हते. अहिराणी हे नाव अहिरांवरून, म्हणजे प्राचीन आभीरांवरून आले असे मानतात. नाशिकच्या लेण्यांत आभीर राजा ईश्वरसेनाचा लेखही आहे. पण नावावरून तिला एका जातीची बोली समजणे चूक ठरेल. या पट्ट्यात शेतकरी, कारागीर, दुकानदार, मजूर सगळेच ती बोलतात.

'म्हणजे ती गुजरातीच झाली की,' असा आक्षेप इथे येऊ शकतो. जॉर्ज ग्रियर्सन यांचाही कल त्या बाजूला होता. भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या १९०७ साली निघालेल्या भागात त्यांनी खानदेशीला मराठीच्या खंडात घेतले नाही, भिल्ली भाषांच्या सोबत ठेवले. त्यांनी हेरलेली गुजरातीशी जवळीक खरी आहे, पण जवळीक म्हणजे पोटशाखा नव्हे. अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो, डोळ्याचा डोया आणि काळ्याचा काया होतो. ही खोड पूर्वेकडच्या लेवा बोलीत आणि वऱ्हाडीतही आहे, आणि गुजराती तर 'ळ' व्यवस्थित सांभाळते. एक लकब पश्चिमेशी जुळते, दुसरी पूर्वेशी, तिसरी कुणाशीच नाही. शेजारच्या भाषा जिथे एकमेकींत मिसळत जातात त्या पट्ट्यातल्या बोलीचे हे साधे लक्षण आहे. अशा बोलीला या किंवा त्या शेजारणीच्या खात्यात टाकण्याचा हट्ट अभ्यासकांच्या कप्प्यांमुळे होतो.

आणखी एक गोंधळ महाराष्ट्रात सर्रास होतो. खानदेशची बोली म्हटले की बहिणाबाई चौधरींचे नाव घेतले जाते आणि त्यांची गाणी अहिराणी समजली जातात. बहिणाबाई जळगावजवळच्या आसोद्याच्या. त्यांची बोली ही लेवा समाजाची, तिकडची लेवा गणबोली. तिच्यात 'ळ'चा 'य' होतो हे खरे, पण भूतकाळातला 'ल' आणि षष्ठीतला 'चा' जागेवर असतात. १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आलेली त्यांची गाणी सबंध महाराष्ट्राला कळली, ती अर्थातच त्यांच्या प्रतिभेमुळे, पण बोलीच्या प्रमाण मराठीशी असलेल्या या जवळिकीचाही त्यात वाटा आहे. अहिराणीकडे तसे एकच सर्वमान्य नाव नाही. तिच्याकडे कानबाई या देवीची गाणी आहेत, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला माहेरी आलेल्या लेकींची गौराईची गाणी आहेत, जात्यावरच्या ओव्या आहेत. ही संपत्ती मुख्यतः बायकांच्या तोंडी राहिली आणि छापील पानावर फार उशिरा आली. डॉ. रमेश सूर्यवंशी यांनी अहिराणीचा शब्दकोश केला, भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडात तिला जागा मिळाली, अहिराणी साहित्य संमेलने भरू लागली. 'हिला साहित्य कुठे आहे?' असे विचारणाऱ्यांनी लिहिलेले साहित्य तेवढेच खरे असे आधीच ठरवून टाकलेले असते.

सर्वांत गंभीर आक्षेप मराठीच्या काळजीपोटी येतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. बोली अशा वेगळ्या मोजत गेलो तर मराठीचे काय उरेल, असे विचारले जाते. मुळात जनगणना गेली कित्येक दशके खानदेशीला मराठीबाहेर, स्वतंत्र नोंदीत मोजते. तिच्याखाली अहिराणीसोबत डांगी, गुजरी अशी नावे येतात. या नोंदीत १९९१ साली सुमारे ९ लाख ७४ हजार माणसे होती, २००१ मध्ये २० लाख ७५ हजार झाली आणि २०११ मध्ये १८ लाख ६० हजार. दहा वर्षांत एखाद्या बोलीची माणसे दुप्पट होत नाहीत आणि पुढच्या दहा वर्षांत दोन लाखांनी घटतही नाहीत. मातृभाषा विचारल्यावर त्या त्या वेळी किती जणांनी 'मराठी' सांगितले आणि किती जणांनी 'अहिराणी', याचेच हे चढउतार असणार. त्याच २०११ साली मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ८ कोटी ३० लाख होते. अठरा लाखांच्या वेगळ्या नोंदीने त्या मराठीचे काही बिघडलेले नाही. कोकणीच्या वेळीही हीच भीती घातली गेली होती. १९९२ मध्ये ती आठव्या अनुसूचीत गेली आणि मराठी आहे तिथे आहे. अहिराणीला अनुसूची मिळावी असा माझा आग्रह नाही. तिला मराठीची बोली म्हणा की स्वतंत्र भाषा, हा निर्णय शेवटी बोलणाऱ्यांनी करायचा आहे, आणि त्यांच्यातही एकमत नाही. पण तिच्या व्याकरणाला चूक म्हणणे या दोन्ही बाजूंनी थांबवायला हवे.

कारण त्याची किंमत पहिलीतले मूल मोजते. घरी 'घरमा', 'देवना' म्हणणारे मूल वहीत 'गावला', 'देवचा' असे लिहू लागले, तर त्याने प्रत्यय मराठीचा उचलला आहे आणि नाम अहिराणीच्या नियमाने तसेच ठेवले आहे. हे ओळखणाऱ्या शिक्षकाला तांबडी रेघ ओढून पुढे जावेसे वाटणार नाही. 'तुझ्या बोलीत नाम बदलत नाही, पुस्तकाच्या मराठीत बदलते' एवढे सांगून तो दहा उदाहरणे करून घेईल आणि सामान्यरूप पक्के होईल. 'अशुद्ध बोलू नकोस' एवढेच ऐकलेले मूल मात्र कुठे चुकले ते न कळताच गप्प बसते. प्रमाण मराठी शिकायलाच हवी, याबद्दल वाद नाही. ती चांगली शिकवायची असेल तर मूल घरून कोणते व्याकरण घेऊन आले आहे हे शिक्षकाला माहीत हवे. राज्यघटनेचे कलम ३५० क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांसाठी मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करायला सांगते, २०२० चे शैक्षणिक धोरण शक्य तिथे पाचवीपर्यंत घरच्या भाषेवर भर देते. खानदेशात त्यासाठी वेगळ्या शाळा काढाव्या लागणार नाहीत. धुळे, नंदुरबार आणि जळगावच्या शिक्षक-प्रशिक्षणात अहिराणी आणि मराठीच्या रूपांची शेजारी शेजारी मांडणी शिकवली, आणि पहिली-दुसरीच्या वर्गात शिक्षकाने समजावताना अहिराणी बोलायला मोकळीक दिली, तरी पुष्कळ काम होईल.

येत्या जनगणनेत मातृभाषा पुन्हा विचारली जाईल, आणि तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. प्रगणकाने उत्तर देणाऱ्याने सांगितलेले नाव जसेच्या तसे लिहायचे असते, मराठी शाळेत शिकलेल्यालाही मातृभाषा अहिराणी सांगता येते, आणि मराठी येते हे इतर भाषांच्या रकान्यात नोंदवता येते.