रायफलीचा प्रतिक्षेप आणि सौम्य काडतुसे : एक विवेचन

रायफल झाडताच तिचा दस्ता नेमबाजाच्या खांद्यावर आदळतो. या धक्क्यास प्रतिक्षेप म्हणतात. नवशिक्याच्या मनात त्याची धास्ती बसली की तो चाप ओढतानाच दचकतो व नेम चुकतो. म्हणून अमेरिकेतील काही नेमबाज सौम्य काडतुसे स्वतः भरतात. त्यामागील तत्त्व येथे स्पष्ट केले आहे.

संवेग अक्षय्यतेच्या नियमानुसार गोळी व ज्वलनवायू यांच्या एकत्रित संवेगाइतकाच संवेग रायफलीस विरुद्ध दिशेने मिळतो. केवळ गणितासाठी ४ किलोग्रॅमची रायफल, ८०० मीटर प्रति सेकंद वेगाची १० ग्रॅम गोळी आणि १२०० मीटर प्रति सेकंद वेगाचे ३ ग्रॅम वायू मानू. रायफलीचा वेग २.९ मीटर प्रति सेकंद व गतिज ऊर्जा १६.८ ज्यूल येते. गोळी ८ ग्रॅम, तिचा वेग ६०० व वायू १.५ ग्रॅम घेतल्यास रायफलीचा वेग १.६५ होतो, ऊर्जा मात्र ५.४ ज्यूल, म्हणजे एक तृतीयांशाहूनही कमी उरते. कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते.

तथापि, दारू कमी म्हणजे धोका कमी, हा समज घातक आहे. मंद जळणारी दारू मनाप्रमाणे घटविल्यास दाब अनपेक्षितपणे वाढून रायफल फुटू शकते. अतिसौम्य भारात गोळी नळीतच अडकते. म्हणूनच दारू उत्पादकांनी चाचणीअंती प्रसिद्ध केलेली प्रमाणेच पाळावी लागतात. भारतात तर शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. सारांश, प्रतिक्षेपाचे गणित सोपे असले तरी ज्वलनाचे तसे नाही.