हॉर्निमन सर्कल : वऱ्हाडी कापसाच्या पायावरची कमान

मुंबईच्या फोर्ट भागातलं हॉर्निमन सर्कल बहुतेकांना बँकांचा आणि कचेऱ्यांचा परिसर म्हणून ठाऊक असतं. वऱ्हाडातल्या माणसाने मात्र ते सावकाश पाहिलं पाहिजे, कारण त्याच्या पायात आपल्याकडचा कापूस आहे.

जुन्या किल्ल्याच्या मधोमध बॉम्बे ग्रीन नावाचं मोकळं मैदान होतं. तिथे कापसाच्या गाठींच्या राशी लागत. 1844 मध्ये हा बाजार कुलाब्याला हलवला आणि मैदानावर नुसती धूळ उरली. तिथे गोल बाग करून भोवती एकसारख्या इमारती बांधाव्यात, ही कल्पना पोलीस आयुक्त चार्ल्स फोर्जेट यांची. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आणि त्यांच्यानंतर आलेले सर बार्टल फ्रिअर यांनी ती उचलून धरली. नगरपालिकेने जमीन घेतली, तिचे भूखंड पाडून विकले आणि त्यात चांगला नफाही मिळवला.

एवढ्या महाग जागा घेणारे लोक आले कुठून? 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली आणि तिथला कापूस लँकशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. हिंदुस्थानी कापसाचे भाव भडकले आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या हाती पैसा खेळू लागला. वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या ताब्यात होता. इथला कापूस पूर्वी बैलांच्या पाठीवरून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरला जाई, तो आता रेल्वे जिथवर आली होती तिथवर बंड्यांनी जाऊन मुंबईच्या वाटेला लागला. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, सट्टेबाज बुडाले, 1868 मध्ये बँक ऑफ बॉम्बेचं दिवाळं निघालं. सर्कलचं काम मात्र तडीस गेलं. 1872 पर्यंत बागही पुरी झाली आणि जागेला एल्फिन्स्टन सर्कल हे नाव मिळालं. दरम्यान 1867 मध्ये रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोचली होती.

या आराखड्याचं मूळ इंग्लंडमध्ये आहे. तिथे 1714 ते 1830 या काळात एकामागून एक चार जॉर्ज राजे झाले, म्हणून त्या काळच्या वास्तुशैलीला जॉर्जियन म्हणतात. या शैलीतली सगळ्यात पक्की गोष्ट म्हणजे सामाईक भिंतींनी जोडलेल्या घरांची सलग रांग. बाथ शहरातली रॉयल क्रेसेंट ही चंद्रकोरीसारखी रांग 1767 पासून जॉन वुड धाकटा याने बांधली. घरं तीस, पण समोरून पाहिलं तर एकच राजवाडा. गंमत मागच्या बाजूला आहे. घर घेणाऱ्याने दर्शनी भाग ठरलेल्या नकाशाबरहुकूम ठेवायचा, त्यामागे हवं तसं बांधायचं. शेजाऱ्यापेक्षा उंच खिडकी नाही, वेगळा रंग नाही. पुढे लंडनच्या बेडफर्ड स्क्वेअरसारख्या रांगांतून राहणारी कुटुंबं गेली आणि कचेऱ्या आल्या. दिवाणखान्यात टेबलं लागली, स्वयंपाकघरात दप्तरं गेली, रस्त्यावरून दिसणारं रूप मात्र तसंच राहिलं.

मुंबईने हीच शिस्त उचलली, पण व्यापारासाठी. एल्फिन्स्टन सर्कल बांधलं तेव्हा व्हिक्टोरियाचं राज्य होतं, म्हणून काळाने ते जॉर्जियन नव्हे. जेम्स ट्रबशॉ याने दर्शनी भागाला इटालियन धाटणी दिली. आराखड्याची रीत मात्र बाथचीच: मालक अनेक, चेहरा एक. वक्राकार इमारती टाऊन हॉलकडे तोंड करून उभ्या आहेत. 1833 मध्ये पुरा झालेला, डोरिक खांबांचा आणि तीस पायऱ्यांचा हा टाऊन हॉल, आजची एशियाटिक सोसायटी, जॉर्जियन काळ सरता सरता उभा राहिलेला. पश्चिमेचं सेंट थॉमस कॅथीड्रल तर 1718 चं.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती तळमजल्याची कमानींची ओळ. बाथच्या रांगेला ती नाही. इथल्या पावसाने आणि उन्हाने ती मागून घेतली. प्रत्येक मालकाने स्वतःच्या जागेतली पट्टी वाटसरूंना दिली, म्हणून जुलैच्या मुसळधारेतही माणूस कोरडा चालतो. कमानींच्या माथ्यावरच्या दगडांत कोरलेले चेहरेही मान वर करून पाहण्याजोगे आहेत.

इथे सुरुवातीपासून पेढ्या आणि बँका आल्या. टाऊन हॉलसमोरच्या वडाखाली जमणाऱ्या दलालांतून 1875 चा शेअर बाजार उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर जागेला ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचं नाव दिलं. जालियनवाला बागेच्या काळात हिंदुस्थानच्या बाजूने उभे राहिल्याबद्दल सरकारने 1919 मध्ये त्यांना हद्दपार केलं होतं. 2012 मध्ये इथल्याच एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये स्टारबक्सचं भारतातलं पहिलं दुकान उघडलं. आतला धंदा दर पिढीला बदलला, बाहेरचा करार टिकला. 1995 च्या वारसा नियमावलीने मुंबईतल्या अशा इमारतींना कायद्याचा आधारही दिला.

वऱ्हाडातल्या जुन्या जिनिंग-प्रेसिंगच्या इमारती, वखारी आणि शकुंतला या इथल्या छोट्या रेल्वेची स्थानकं याच कापसाची मुलं आहेत. जाड भिंती, उंच छपरं, मोठ्या खिडक्या. कचेरी, वाचनालय किंवा बचत गटाचं केंद्र सहज मावेल अशी ही बांधणी. आपल्या नगरपालिकांनी निदान त्यांची यादी करावी आणि पाडण्याची परवानगी देण्याआधी नव्या वापराचा विचार व्हावा. आणि अमरावती एक्सप्रेसने मुंबईला गेलात तर सीएसएमटीहून हॉर्निमन सर्कलपर्यंत पायीच जा. पंधरा-वीस मिनिटांची वाट आहे.